शिजवलेलं कोंबडं कच्च्यापेक्षा स्वस्त? कॉस्टकोच्या रोटिसरी चिकनचं गौडबंगाल काय आहे?

भाकरतुकडा:
मंडळी, न्यू जर्सीत आता बऱ्यापैकी रुळलोय पण एक गोष्ट काही केल्या डोक्यात शिरत नाही. कॉस्टकोत (मेंबरशिप घेऊन खरेदी करायचं ते मोठं घाऊक दुकान) पार मागच्या भिंतीला ते सळईवर फिरवून भाजलेलं अख्खं चिकन मिळतं ना, ते ४.९९ डॉलर. तीन पौंडांचं, म्हणजे सव्वा किलोच्या वरच, मीठमसाला लावलेलं, शिजवलेलं, गरमागरम. आणि साध्या सुपरमार्केटात कच्चं अख्खं कोंबडं घ्यायला जावं तर सात-आठ डॉलर सहज जातात, ऑरगॅनिक असेल तर विचारूच नका. म्हणजे भट्टी त्यांची, मसाला त्यांचा, माणसं त्यांची, डबा त्यांचा आणि तरी स्वस्त?? ऑफिसातला एक जण छातीठोकपणे सांगतो की कच्च्या चिकनची तारीख संपत आली की तेच उचलून भट्टीत टाकतात. हे घरी सांगायचा शहाणपणा केला तेव्हापासून बायको हात लावत नाही (मला काय, दोन्ही तंगड्या माझ्याच). पण आता आई येतेय सहा महिन्यांसाठी, तिला बीपी आहे, आणि रोज रोज साग्रसंगीत स्वयंपाक कोण करणार. तर हे कोंबडं येतं कुठून, दुकानात त्याचं नक्की काय करतात, कोणी आत काम केलेलं असेल तर सांगा. व्हॉट्सॅपवरचं ज्ञान नको, ते माझ्याकडे भरपूर आहे.

रातराणी_ओहायो:
मी केलंय काम. कॉस्टकोत नाही, दुसऱ्या एका सुपरमार्केटच्या डेलीत, म्हणजे तयार जेवणाच्या काउंटरवर. वर्क परमिट हातात आल्यावर मिळालेली पहिली नोकरी, घरात नवरा शुद्ध शाकाहारी आणि मी दिवसभर कोंबड्या सळईत ओवतेय असा सगळा प्रकार.

आधी तुमच्या ऑफिसातल्या माणसाचं बघू. आमच्याकडे मीट डिपार्टमेंटचं चिकन आणि रोटिसरीचं चिकन यांचा एकमेकांशी काही संबंधच नव्हता. रोटिसरीचं यायचं ते वेगळ्या खोक्यात, सप्लायरकडूनच तयार होऊन. पाय आणि पंख इलॅस्टिकच्या दोरीने अंगाशी बांधलेले, आतपर्यंत खारं पाणी मुरवलेलं, आणि सगळी एकाच मापाची. हे माप फार महत्त्वाचं आहे कारण एका ओव्हनमध्ये एकाच वेळी इतकी कोंबडी फिरतात, त्यात एक लहान एक मोठं असेल तर लहान कोरडं ठाक होणार आणि मोठं हाडापाशी कच्चं राहणार. मग मीट काउंटरवरची उरलेली, कुठलंही वजन, पाय फाकलेले, मीठ नाही, ती उचलून तिथे घालायची म्हणजे कामच वाढवायचं. एखादं छोटं स्वतःच्या मालकीचं दुकान काय करत असेल याची हमी मी देत नाही, पण मोठ्या साखळी दुकानांत हे असं सहसा होत नाही.

आता रोजचं काम. सकाळी पहिल्यांदा वॉक-इन फ्रिजमधून खोकी काढायची, पिशवी कापली की आत गुलाबी खारं पाणी असतं ते निथळून टाकायचं (पहिल्या दिवशी माझ्या बुटात गेलं). मग वरून मसाल्याचा हात, पेपरिका, मिरी, लसूण पावडर असं, काही फ्लेवरला मसाला आधीच लावून येतो. मग लांब स्टीलच्या सळईत एकामागे एक ओवायची, सगळ्यांची छाती एकाच बाजूला येऊ द्यायची नाही, नाहीतर सळईचा तोल जातो आणि ती फिरताना गचके खाते, मधलं एखादं सैल होऊन खाली पडलं की सुपरवायझरचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. कच्च्याला हात लावणारा माणूस तेव्हा शिजलेल्याच्या बाजूला फिरकायचा नाही, एप्रन वेगळा, हातमोजे प्रत्येक वेळी बदलायचे. शिजायला साधारण दीड तास. वरच्या सळईवरची चरबी खालच्यांवर ठिबकत राहते, म्हणून ते इतकं चकाकतं, वरून तूप-बटर काही कोणी लावत नाही.

घंटा वाजली की मांडीच्या जाड भागात थर्मामीटर खुपसायचा, हाडाला टेकवायचा नाही. सरकारी नियम १६५ फॅरेनहाइटचा आहे, म्हणजे ७४ सेल्सिअस, पण आमच्याकडे १८० च्या वर गेल्याशिवाय काढायचे नाहीत. कारण १६५ ला ते खायला सुरक्षित असतं पण मांडीच्या हाडाजवळ लालसर दिसतं आणि गिऱ्हाईक परत घेऊन येतं. आकडा वहीत लिहायचा, डब्यात भरायचं, वेळेचं स्टिकर लावायचं आणि गरम शेल्फवर.

तारखेचा खेळ असतो तो याच्यानंतर, शिजल्यावर. गरम शेल्फवर आमच्याकडे चार तास ठेवायचे, कॉस्टकोत दोनच तास ठेवतात म्हणे. वेळ संपली की उचलायचं आणि फेकून द्यायचं नाही, सोलायचं! गरम असतानाच सोलावं लागतं, थंड झालं की मांस हाडाला घट्ट धरून बसतं, म्हणून दोन-दोन हातमोजे चढवून चटके खात ओरबाडायचं. ते चिकन सॅलडमध्ये, सूपमध्ये, पॉट पायमध्ये जातं किंवा थंड करून डब्यात भरून विकतात. गंमत म्हणजे तो सोललेला डबा पौंडामागे अख्ख्या कोंबडीपेक्षा महाग असतो आणि लोक तो जास्त विश्वासाने घेतात.

रात्री ओव्हन धुणं हा स्वतंत्र विषय आहे, त्यावर नको बोलायला. घरी गेल्यावर केसांना तीन धुण्यांपर्यंत वास यायचा.

नेब्रास्काकर:
रातराणीताईंनी दुकानातलं सांगितलं, मी आधीचं सांगतो कारण आमच्या अंगणातलीच गोष्ट आहे. नेब्रास्कात ओमाहापासून गाडीने तासाच्या आत फ्रीमाँट म्हणून गाव आहे. तिथे कॉस्टकोने स्वतःचा चिकनचा कारखाना उभा केलाय, लिंकन प्रीमियम पोल्ट्री नावाने चालतो, २०१९ मध्ये सुरू झाला, साधारण ४५ कोटी डॉलरचा प्रकल्प. हॅचरी त्यांची, खाद्याची मिल त्यांची, कत्तलखाना त्यांचा. आठवड्याला २० लाखांच्या आसपास कोंबड्या, म्हणजे वर्षाला दहा कोटी. आणि एवढं करूनही त्यांची सगळी गरज भागत नाही, बाकीचा माल इतर कंपन्यांकडून येतोच.

एका दुकानदाराने हा उपद्व्याप का करावा? कारण अमेरिकेत सगळ्यांना हवं असतं ब्रेस्ट, बोनलेस, नगेट्स. त्यासाठी कंपन्या कोंबडी वाढवत वाढवत आठ-नऊ पौंडांपर्यंत नेतात, जेवढं मोठं तेवढं एका कापणीत मांस जास्त. असलं धूड सळईवर बसत नाही आणि दीड तासात शिजत नाही. रोटिसरीला लागतं मध्यम, जिवंत सहा पौंडांच्या आसपासचं, तेही वर्षभर, एकाच मापाचं. बाजारात अशी अख्खी कोंबडी कमी व्हायला लागली तेव्हा कॉस्टकोने ठरवलं की दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसण्यापेक्षा आपणच करू. नेब्रास्काच का, तर मका आणि सोयाबीन दाराशी. कोंबडीचा बहुतेक खर्च खाद्याचाच असतो.

आता ४.९९ चं गणित. २००८ मध्ये त्यांनी किंमत वर नेली होती, २००९ ला परत ४.९९ वर आणली आणि तेव्हापासून हलवलेली नाही. २०१५ मध्ये त्यांच्या सीएफओने, म्हणजे आर्थिक प्रमुखाने, उघड सांगितलं होतं की किंमत न वाढवल्यामुळे वर्षाला तीन ते चार कोटी डॉलरवर पाणी सोडतोय. शुद्ध आवळा देऊन कोहळा काढायचा धंदा आहे. ते कोंबडं पार मागच्या भिंतीला ठेवलंय ते उगाच नाही, तिथपर्यंत पोचेपर्यंत टीव्ही, टॉवेल, बदामाची पोती, आणि परत येताना तुमच्या गाडीत दोनशे डॉलरचा माल. शिवाय मेंबरशिपचे पैसे आधीच भरलेले. त्यांचे स्पर्धक सॅम्स क्लबवाल्यांनी ४.९८ ठेवलंय, एक सेंट कमी, हा खोडसाळपणा मला फार आवडतो.

त्यामुळे "शिजवलेलं स्वस्त कसं" याचं उत्तर शिजवण्यात शोधू नका. कच्चं चिकन दुकानाला नफा काढायला विकायचं असतं, हे तुम्हाला आत ओढायला.

शेडवाला_सिन्नर:
नमस्कार. मी तिकडचा नाही, सिन्नरला ब्रॉयलरचे शेड आहेत माझे, करार पद्धतीचे. नेब्रास्काकर साहेबांचं वाचून वाटलं आपलंच चाललंय. तिकडे पण शेतकऱ्याचं फक्त शेड, लाईट, पाणी, मजुरी आणि बँकेचं कर्ज. पिल्लं, खाद्य, औषध, डॉक्टर सगळं कंपनीचं, कोंबडी पण कंपनीची. शेवटी किलोमागे ग्रोइंग चार्जेस. फरक असा की तिकडच्या बऱ्याच कंपन्यांत एका आठवड्यात माल दिलेल्या सगळ्या शेतकऱ्यांची उतरंड लावतात, कमी खाद्यात जास्त वजन काढलं तो वर, बाकीचे खाली, आणि वरच्याला दिलेला बोनस खालच्याच्या खिशातून. टूर्नामेंट म्हणतात त्याला. आपल्याकडे एफसीआर, म्हणजे किलोभर वजनाला किती खाद्य लागलं ते, बघतातच पण निदान शेजाऱ्याच्या बॅचमुळे माझे पैसे कापत नाहीत.

जात पण सारखीच. कॉब आणि रॉस या दोन नावांवरच जगातला बराचसा ब्रॉयलर चालतो. आपल्याकडे वेंकीजवाल्यांचा वेनकॉब आहे तो त्या कॉबचाच. फक्त आपण ३५-४० दिवसात दोन किलोला लिफ्टिंग करतो, म्हणजे विक्रीला उचलतो, कारण आपलं गिऱ्हाईक समोर कापून, कातडी काढून, किलोवर घेतं. तिकडे सरासरी ४७ दिवसांच्या आसपास आणि साडेसहा पौंड. १९२५ साली अमेरिकेत अडीच पौंडाला ११२ दिवस लागायचे, म्हणजे बघा निवड करकरून कुठे आणलंय.

आता हे वाचून कोणीतरी हार्मोनचं इंजेक्शन काढणारच म्हणून आधीच सांगतो. अमेरिकेत कोंबडीला हार्मोन द्यायला १९५० च्या दशकापासून बंदी आहे. डब्यावर "नो हार्मोन्स" लिहिलं तर खाली हेही छापावं लागतं की कायद्याने तसंही बंदी आहे. आणि बंदी सोडा, माझ्या शेडला सात हजार पक्षी आहेत, तिकडे एकेका शेडला वीस-तीस हजाराच्या वर असतात, रोज एकेकाला पकडून सुई कोण मारणार? मजूर मिळत नाही लस पाजायला. इंजेक्शन देतात हे खरं, पण ते मेल्यानंतर, मिठाच्या पाण्याचं. वजन वाढतं ते निवडीनं आणि खाद्यानं, आणि त्याची किंमत पक्षी भोगतो, शेवटच्या आठवड्यात पाय धरत नाहीत काहींचे, हे मी रोज बघतो, तिथे गोड बोलण्यात अर्थ नाही.

अँटिबायोटिकचा प्रश्न मात्र खरा आहे. माणसाला लागणारी औषधं नुसती वजन वाढवायला द्यायची नाहीत असा नियम तिकडे २०१७ पासून लागू झाला. आजारी बॅचला डॉक्टरच्या चिठ्ठीवर देता येतात.

लंडनची_ठमी:
पण अमेरिकेत कोंबडी क्लोरीनने धुतात ना?? इकडे ब्रेक्झिटच्या वेळी त्यावरून केवढा गदारोळ झाला होता, पेपरात रोज तेच.

नेब्रास्काकर:
ठमीताई, युरोपात १९९७ पासून बंदी आहे ते बरोबर. इकडे कापल्यानंतर कोंबड्या गार पाण्याच्या मोठ्या टाकीतून जातात, त्यात जंतू मारायला काहीतरी घालतात. पूर्वी क्लोरीन असायचं, आता बहुतेक कारखान्यांत पेरासेटिक ॲसिड, व्हिनेगरच्या कुळातलं. युरोपचा मुख्य आक्षेप असा होता की शेवटी औषधाने धुता येतं म्हटल्यावर आधी शेडात नि गाडीत स्वच्छता कोण ठेवणार. तो मला पटतो. पण टाकीतलं पाणी पिऊन कोंबडी जड होते, तिथे तुमच्या पौंडामागच्या पैशात थोडं पाणी येतं, त्यावर लोक कमी ओरडतात.

पथ्यपाणी:
डाएटिशियन आहे, ह्यूस्टनला. आईंच्या बीपीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. माझ्या मते या सगळ्या धाग्यात तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी करायची गोष्ट मीठ आहे, तारीख नाही, हार्मोन नाही, क्लोरीन तर नाहीच.

कॉस्टकोच्या चिकनमध्ये तीन औंसाला, म्हणजे ८५ ग्रॅमला, ४६० मिलिग्रॅम सोडियम आहे. साध्या कच्च्या चिकनमध्ये, काही न मुरवलेल्या, तेवढ्यालाच ४० ते ८० च्या आसपास असतं. दिवसाला २३०० च्या आत राहायचं असतं, बीपी असेल तर अजून कमी. आणि ८५ ग्रॅम म्हणजे किती, पत्त्यांच्या कॅटाएवढा तुकडा, तेवढ्यावर कोण थांबतं. त्यात आई सोबत लोणचं आणि पापड घेणार, हे मी तुमच्या आईंना न बघता सांगते.

लेबल वाचा. पाणी, मीठ, सोडियम फॉस्फेट, स्टार्च, कॅराजिनन, साखर, मसाल्याचे अर्क अशी यादी असते. फॉस्फेट आणि स्टार्च कशाला, तर पाणी मांसात धरून ठेवायला. दोन तास गरम दिव्याखाली राहूनही ब्रेस्ट कोरडं पडत नाही ते याच्यामुळे. घरी करून बघा, तुमचं ब्रेस्ट अर्ध्या तासात लाकूड होतं. म्हणजे विष वगैरे नाही, पण किडनीचा त्रास असणाऱ्यांनी फॉस्फेट घातलेलं मांस टाळायला हवं, तिथे मी ठाम आहे. आणि कातडी काढली की मीठ गेलं असं नाही हं, चरबी जाते, मीठ आत शिरलेलं असतं. डब्याच्या तळाशी साचलेला रस भातावर ओतायचा मोह होतो, तो रस म्हणजे निव्वळ खारं पाणी आणि चरबी.

आईंना द्यायचं असेल तर आठवड्यातून एखाद्या वेळी, थोडं, बिनमिठाच्या भाजीभाताबरोबर. बाकी दिवशी कच्चं आणून घरी करा, पण कच्च्याचंही लेबल बघा, "अमुक टक्के सोल्युशन" असं बारीक अक्षरात लिहिलेलं असेल तर तिथेही खारं पाणी टोचलेलंच आहे.

दालदी:
हलालचं कोणाला माहीत आहे का? आमच्याकडे त्याच्यावरून वाद होतात, धाकटा म्हणतो बिस्मिल्ला म्हणून खाल्लं की झालं.

रातराणी_ओहायो:
@दालदी भाऊ, आमच्या खोक्यांवर तरी हलालचा शिक्का कधी नव्हता. मोठ्या प्लांटमध्ये बहुतेक ठिकाणी आधी बेशुद्ध करतात आणि मान यंत्राच्या पात्याने कापतात. डब्यावर लिहिलेलं नसेल तर नाही असंच धरा. क्रेसेंट नावाच्या हलाल कंपनीचं हाताने कापलेलं कच्चं चिकन बऱ्याच दुकानांत मिळतं, ते आणून घरीच भाजा. धाकट्याला समजवायचं काम तुमचं.

तांबडा_रस्सा:
तुम्ही लोक चर्चा करा, मी कामाचं सांगतो. या चिकनचा खरा माल सांगाड्यात आहे. मांस काढून घेतलं की हाडं, मान, कातडीचे तुकडे सगळं कुकरला, कांदा, आल्याचा तुकडा, चार मिरे, पाणी घालून, मीठ अजिबात नाही, पथ्यपाणीताई म्हणतात तसं मीठ आधीच आहे त्यात. पाऊण तास बारीक गॅसवर. गाळलं की असलं दाट अळणी निघतं, रात्री फ्रिजमध्ये ठेवलं तर सकाळी थरथरतं. वर जमलेली चरबी चमच्याने उचलून टाका. अर्ध्याचा पांढरा करा, काजू-खसखस-खोबऱ्याचं दूध घालून, अर्ध्याचा तांबडा. मांस शेवटी घालायचं, ते आधीच शिजलेलं आहे, रश्श्यात उकळत बसलात तर दोऱ्या दोऱ्या होतात. आमच्या कोल्हापुरात हे कळलं तर मला गावात घेणार नाहीत पण मिनेसोटाच्या थंडीत उणे वीसला कोण मटण शोधत फिरतंय.

भाकरतुकडा:
अरे बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. बायकोला रातराणीताईंचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, तारखेचं पटलं पण सोलायचं ऐकून चिकन सॅलड आता घरातून बाद झालंय. तंगड्यांची वाटणी पुन्हा सुरू, नुकसान माझंच.

दोन उरलेले प्रश्न. एक म्हणजे हल्ली कॉस्टकोने डबा बंद करून पिशवी केलीय, मागच्या खेपेला सीटवर सगळं तेल सांडलं, त्याला काही उपाय? आणि बिलावर टॅक्स लागला, एरवी जर्सीत किराण्याला टॅक्स नाही ना?

रातराणी_ओहायो:
पिशवीचं २०२४ मध्ये झालं, प्लास्टिक वाचवायला. सगळेच वैतागलेत. गाडीत एक प्लास्टिकचं घमेलं किंवा कूलर ठेवा, आमच्याकडे भाजी आणायचा जुना टब कायम डिकीत असतो.

टॅक्स गरम आहे म्हणून. गरम तयार जेवण धरतात ते, किराणा नाही. फूड स्टँपचंही (गरिबांना किराण्यासाठी मिळणारी सरकारी मदत) तसंच, सरकारी कार्डावर गरम कोंबडी मिळत नाही, शेजारच्या फ्रिजमधली थंड मिळते. आमच्याकडे एक आजी रोज संध्याकाळी येऊन विचारायच्या, थंड झाली का गं एखादी. काउंटरच्या अलीकडून पलीकडे नेऊन ठेवण्याचाच फरक, पण कॉम्प्युटर गरमवालं घेतच नाही.

भाकरतुकडा:
हे अजबच आहे. बरं, ताजं मिळवायला किती वाजता जावं?

रातराणी_ओहायो:
ऑफिस सुटायच्या वेळी, पाच-साडेपाच. तेव्हा मोठ्या बॅच लागतात आणि पटापट उचलल्या जातात, शेल्फवर बसायला वेळच मिळत नाही. स्टिकरवरची वेळ बघा आणि मागचं उचला, पुढे जुनी सरकवलेली असतात. घरी आणल्यावर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, अख्खं नाही, मांस सोडवून उथळ डब्यात, नाहीतर आतून गार व्हायला फार वेळ लागतो. तीन-चार दिवसांत संपवा. आणि सोडवायचं ते गरम असतानाच, हातमोजे दोन घाला.